पितळ की मेपल

१२ सप्टेंबर

तांब्याचा ड्रम आज आला. पोचवणारा माणूस खोका जिन्याच्या तोंडाशी टाकून पसार झाला. लिफ्ट बंद. एका हाताने तो वरपर्यंत कसा आणला, माझं मला ठाऊक. वर आल्यावर उघडून बघतो तर एक नट वाकडा. तळपायाची आग मस्तकात गेली.

बायको दवाखान्यातून आली, ती खोक्याला अडखळूनच आत आली. "आणखी एक डबडं?"

म्हटलं, "डबडं नाही. तांबं आहे."

"बरं, तांब्याचं डबडं. पण ठेवणार कुठे? पलंगाखाली स्टीलचं आहे, कपाटावर पितळेचं, आणि बाल्कनीत ते पारदर्शक प्लास्टिकचं उन्हात तापतंय."

ॲक्रिलिक आहे ते. हिला लग्नापासून सांगतोय. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये बसतो तो स्नेअर. बाकीचे ड्रम म्हणजे त्याची वरात. खाली तारांची पट्टी असते म्हणून तो नुसता धप्प न वाजता चर्रकन वाजतो. गाण्यातली टाळी त्याच्यावर पडते. आणि मधला तो गोल घेर, आम्ही त्याला शेल म्हणतो, तो कशाचा आहे यावर सगळा आवाज. पितळेचा लखलखतो, मेपलच्या लाकडाचा ऊबदार, ॲल्युमिनियमचा कोरडा. पण ही दिवसभर दातांच्या डॉक्टरच्या हाताशी उभी असते. ड्रिल ऐकून ऐकून कान किटलेत. तिला काय कळणार?

मास्तरांचं रेकॉर्डिंग जानेवारीत ठरलंय. मास्तर म्हणजे आमच्या बँडचे म्होरके, कीबोर्ड वाजवतात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमची स्वतःची गाणी रेकॉर्ड होणार, आणि नेमकं गेल्या हिवाळ्यात स्टेजच्या पायरीवरून घसरून माझं डावं मनगट मोडलं. हाड सांधलं, पण मनगट वळत नाही. डावा हातच तर स्नेअरवर पडतो!

मास्तर म्हणाले, "वाजवायला बदली माणूस बघतो. पण ड्रम तू निवड. तुझ्यासारखा कान कुणाला आहे?"

एवढं पुरे आहे मला. वाजवणारा कुणीही असो, ड्रम माझा तर आवाज माझा. म्हणजे रेकॉर्डमध्ये मी आहेच. सगळ्या धातूंचे, सगळ्या लाकडांचे शेजारी शेजारी वाजवून बघणार आणि त्यातला एक निवडणार. ह्या वेळी अंदाजपंचे नाही.

१५ सप्टेंबर

सगळ्या ड्रमना एकाच जातीचं कातडं चढवलं. (असतं प्लास्टिकचंच, पण आम्ही कातडंच म्हणतो.) सगळ्यांचा ताण सारखा केला. एका हाताने चावी फिरवायची म्हणजे नाकी नऊ आले. ड्रम मांड्यांत धरायचा, कोपराने दाबायचा. ही मदतीला येत होती, तिला नको म्हटलं. मग दोनदा चावी हातातून उडून पलंगाखाली गेली, तेव्हा हीच वाकून काढून देत होती. बोलली काही नाही. त्याचाच जास्त राग आला.

लेकीने दिलेला छोटा रेकॉर्डर टेबलावर ठेवला. प्रत्येक वेळी आधी मोठ्याने सांगायचं, "पितळ", "स्टील", आणि मग तोच साधा ठेका वाजवायचा. उजवा हात झांजेवर, डावा स्नेअरवर.

सगळे एकसारखेच मेलेले! पितळ, तांबं, बर्चचं लाकूड, सगळ्यांचा आवाज पुठ्ठ्यावर चापट मारल्यासारखा. एवढा खटाटोप करून हे? कातडं भिकार निघालं, दुसरं काय. दुकानदाराला फोन केला. तो म्हणे, आजवर कुणाची तक्रार नाही. तक्रार करायला कान लागतात, म्हटलं आणि फोन ठेवला.

सरावाचं रबरी पॅड शोधायला गेलो तर ते हिच्या कपाटाच्या मागे, भलत्याच जागी. आणि मध्यभागी झिजून चक्क खड्डा पडलाय. वर्ष होत आलं, मी हात लावलेला नाही, तरी झिजलं! हल्लीचं रबर नुसतं ठेवल्या ठेवल्या खराब होतं. एक वस्तू धड मिळेल तर शपथ.

२१ सप्टेंबर

हाताच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. मूठ आवळा, सोडा, वळवा. मी वळवलं. ते म्हणाले, "बघू." बघू म्हणजे आशा आहेच की. आशा नसती तर नाही म्हणाले असते. हिला सांगितलं तसं, तर ही शर्टाचं बटण लावायला लागली माझं. अजून डाव्या हाताने ते जमत नाही.

३० सप्टेंबर

चूक सापडली. वाजवणाऱ्याने ऐकायचंच नसतं! जो मारतो त्याच्या कानाला आवाज फार जवळून लागतो. मी समोर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला डोळे मिटून बसायला हवं, आणि दुसऱ्या कुणीतरी वाजवायला हवं. एवढी साधी गोष्ट इतके दिवस सुचली नाही म्हणून कपाळावर हात मारला.

दुसरं कोण? घरात दुसरं आहे कोण? हिला म्हटलं, "फक्त मारायचं आहे. डोकं वापरायचं नाही. एक, दोन, तीन, चार, त्यातल्या दोनवर आणि चारवर."

"एवढं येतं मला मोजायला."

"स्टिक अशी धरायची. घट्ट नाही. हातोडा नाही तो."

"अहो, मी लोकांच्या तोंडात आरसा धरते. घट्ट धरला तर चालतो का?"

बसली. स्टूल तिला उंच होतं, पाय लोंबत होते. मी ते खाली करायला नको म्हटलं, माझी उंची बिघडते. तशीच बसून एकेक ड्रम वाजवला, रेकॉर्डर चालूच होता. मी डोळे मिटून ऐकलं. मेपल बरा वाटला. पहिल्यांदाच त्यात काहीतरी आहेसं वाटलं. मग पितळ लावला तर तोही बरा. म्हणजे लांबून ऐकायचं हे माझं गणित बरोबर होतं. इतक्या दिवसांत आज जरा समाधानाने जेवलो.

६ ऑक्टोबर

आज दोरीला चादर बांधली. ही चादरीपलीकडे, मी अलीकडे. कुठला ड्रम ते तिने सांगायचं नाही, मी ओळखायचं. म्हणजे डोळ्यांची फसवाफसवी नको.

मी पितळ म्हटलं, निघाला बर्च. मी मेपल म्हटलं, निघाला स्टील! असं होणं शक्यच नाही. तीस वर्षं ह्या धंद्यात घालवली, मला लाकूड आणि लोखंड कळत नाही? चादर काढून बघितलं तर ही शांतपणे पुढचा ड्रम स्टँडवर चढवत होती.

दोष कुठे आहे ते मग लक्षात आलं. ही मध्ये मध्ये भर घालते. टाळीच्या आधी, नंतर, हलकेच, कातड्याला नुसतं शिवल्यासारखे बारीक ठोके टाकते. त्यामुळे सगळेच ड्रम बोलायला लागतात आणि फरक बुडतो.

"मधली ती कुजबुज बंद कर," मी म्हटलं. "तुला सांगितलं तेवढंच वाजव."

"ती तुमचीच आहे."

"माझी?"

"त्या संथ गाण्यात तुम्ही असंच वाजवता. दुसऱ्या कडव्याला."

मी काही असं वाजवत नाही. वाजवत असतो तर मला ठाऊक नसतं का?  तिला बजावलं, परीक्षेत भर घालायची नाही. ती बरं म्हणाली, आणि पुढच्याच ड्रमवर पुन्हा तेच. हात टेकले बुवा.

१९ ऑक्टोबर

मास्तर बदली माणसाला घेऊन आले. हॉटेलात वाजवतो, कानात बाळी, दंड असे की ड्रमची काळजी वाटावी. आल्या आल्या मला काका म्हणाला. बसा म्हटलं. त्याने एकेक करून सगळे ड्रम बडवले. वाजवले नाहीत, बडवले. रेकॉर्डर चालू होता.

पितळ फुटक्या घमेल्यासारखा वाजला. मेपल बसला. तांब्याने तर लाजच काढली.

"काका, खरं सांगू? मला सगळे सारखेच वाटतात," तो म्हणाला. "कुठलाही द्या. नाहीतर स्टुडिओत असतोच एक."

स्टुडिओत असतोच एक! मी उभाच राहिलो. मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नसता तर काय बोललो असतो कोण जाणे. स्टुडिओतल्या ड्रमवर हा वाजवणार असेल, तर त्या रेकॉर्डमध्ये माझं काय उरलं? नाव छापतील, आभार मानतील. आभार काय करायचेत मला?

ते गेल्यावर ही म्हणाली, "वाईट नाही वाजवत मुलगा. फक्त ऐकत नाही."

"काय ऐकत नाही?"

"स्वतःचंच."

मी म्हटलं, तू त्यात पडू नकोस. आणि मास्तरांना संध्याकाळी फोन करून सांगितलं की ड्रमचा निकाल लागेपर्यंत माणूस पक्का करू नका.

२ नोव्हेंबर

निकाल लागला असं वाटलं होतं आज. लागला नाही. सविस्तर लिहितो, कारण डोकं फिरायची वेळ आली आहे.

भाजी घेऊन जिना चढत होतो. दुसऱ्या वळणावर वरून आवाज आला. आमचं ते संथ गाणं, सुरापासून सुटं, नुसता ठेका. आणि स्नेअर! काय सांगू. भरदार, तरी मऊ, आणि शेवटी चर्र असा विरत जाणारा. मी पिशवी खाली ठेवून तिथेच उभा राहिलो. अंगावर काटा आला. मनात म्हटलं, पितळ उघडला! धातूला मुरायला वेळ लागतो असं म्हणतात, तो मुरला. गेल्या हिवाळ्यापासून इतकं सुख कानाला झालं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, हेही लिहून टाकतो.

धावत वर गेलो. "पितळ ना? पितळच ना?"

ही दचकून उभी राहिली, चोरी पकडल्यासारखी. "स्टीलचा आहे. पलंगाखालचा. मी जरा झाडायला काढला होता."

स्टीलचा. सगळ्यात स्वस्त. जो मी पहिल्या दिवशीच बाद केला होता.

आता कारण शोधणं आलं. जिन्यात आवाज घुमतो, हे एक. दार अर्धं बंद होतं, हे दुसरं. हिला पुन्हा वाजवायला लावून मी जिन्यात जाऊन उभा राहिलो, दार अर्धं बंद करून. मग पितळ, मग मेपल, मग ॲक्रिलिक. सगळेच चांगले! जिनाच फसवा आहे. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दार उघडून म्हणाले, "आज फार छान वाजवताय हो, हात बरा झाला वाटतं?" मी हं म्हटलं.

हिने विचारलं, भाजी कुठे आहे. भाजी जिन्यातच राहिली होती.

१६ नोव्हेंबर

लेक आली आहे, कामावर रजा टाकून. तिच्यापुढे सगळं गाऱ्हाणं मांडलं. ती म्हणाली, "बाबा, एवढी रेकॉर्डिंग्ज आहेत ना? मी सुरुवातीचं तुमचं बोलणं कापते. 'पितळ', 'स्टील' काही ऐकू येणार नाही. वरखाली करून लावते. तुम्ही नुसतं सांगा, कुठलं आवडलं."

हे बेस्ट. कॉम्प्युटरला काही लावालावी करता येत नाही.

डोळे मिटून बसलो. एकेक वाजत गेलं. वाईट असेल तिथे मी हात हलवायचो, चांगलं असेल तिथे "हा ठेव" म्हणायचो. एका तुकड्याला तर मी हसलोच. म्हटलं, "हा कोण गाढव वाजवतोय? टाळी लंगडतेय. ड्रम बाजूला राहू दे, आधी माणूस बदला." लेकीने पुढचं लावलं.

संपल्यावर विचारलं, "हं, सांग आता. मी ठेवले ते कुठले? सगळे पितळ की सगळे मेपल?"

ती स्क्रीनकडे बघत राहिली. "एक स्टील. एक ॲल्युमिनियम. मेपल एक, तांबं एक, ते प्लास्टिकचंही आहे."

"आणि काढले ते?"

"तेही सगळ्या जातीचे आहेत. पितळ तुम्ही दोनदा काढलं आणि एकदा ठेवलं."

"म्हणजे तू काहीतरी घोळ घातलास. पुन्हा लाव."

"बाबा." तिने लॅपटॉप अर्धा मिटला. "तुम्ही ठेवलेले सगळे आईने वाजवलेले आहेत."

स्वयंपाकघरात नळ चालू होता. तो बंद झाला.

मी विचारलं, काढलेल्यांत बदली किती? ती म्हणाली, काही त्याचे आहेत. मी पुढे विचारलं नाही. तीच अगदी हळू म्हणाली, "ज्याला तुम्ही हसलात ना, तो त्याचा नव्हता."

मी चपला घालून बाहेर पडलो. बस थांब्यावर बसून राहिलो. बस आली की ड्रायव्हर माझ्याकडे बघायचा आणि मी मान हलवायचो. दोष कातड्याचा नव्हता, खोलीचा नव्हता, जिन्याचा नव्हता. डावा हात गेलाय माझा. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण कानाने ऐकलं आज.

१७ नोव्हेंबर

लेक सकाळी गेली. दारात म्हणाली, "रागावू नका." मी कुणावर रागावलोय ते मलाच सांगता येत नाही, तर तिला काय सांगू.

दुपारी ही समोर येऊन बसली. "बोला काहीतरी. भांडा तरी."

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"हे. हात असा आपोआप येत नाही कुणाला. मी शिकवलं तेवढ्याने तर नाहीच येत."

तिने रबरी पॅडकडे हात केला. मी दौऱ्यावर असायचो तेव्हा, टीव्हीसमोर बसून. पोरगी लहान असल्यापासून. आधी नुसतं झोप येत नाही म्हणून. मग मी परत आल्यावर भिंतीपलीकडे सराव करायचो, तो ऐकून ऐकून, माझ्या पाठोपाठ. "तुमचं सगळं येतं मला," ती म्हणाली. "पण ड्रमसेटवर कधी बसले नव्हते. तुम्हीच बसवलंत."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तुम्ही म्हणाला असता, स्टिक घट्ट धरू नकोस."

मला हसू आलं असतं एरवी. म्हटलं, "पॅडची तक्रार करणार होतो मी कंपनीला." ती हसली. मी नाही हसलो. उठून आतल्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. ती माझंच वाजवते, आणि माझ्याहून बरं वाजवते. यात मी आनंद मानावा अशी अपेक्षा असेल कुणाची, तर ती चुकीची आहे.

२९ नोव्हेंबर

आमच्या कन्यारत्नाने उपद्व्याप केला. ती रेकॉर्डिंग्ज तिने मास्तरांना पाठवली. मला न विचारता! मास्तर आज दत्त म्हणून दारात.

बसले, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग सरळ हिलाच म्हणाले, "वहिनी, जानेवारीत येता का?"

"मी? अहो, काहीतरीच काय!" ती म्हणाली. "दवाखाना कोण सांभाळेल? डॉक्टरांना आरसा कोण धरून देईल?" बोलत होती मास्तरांशी, पण बघत होती माझ्याकडे. मी कपातल्या चहावरची साय काढत बसलो. कितीतरी वेळ.

मास्तर उठले. जिन्यापर्यंत सोडायला गेलो तर म्हणाले, "ठेका ऐकला आणि मला वाटलं तूच बरा झालास. खरंच वाटलं रे."

मग बदलीलाच घेऊ, असं ठरलं. आणि मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. तो वाजवेल ते वाईट होईल, आणि वाईट झालं की सगळे म्हणतील, हा असता तर! ही वाजवेल आणि चांगलं होईल, मग कुणीच काही म्हणणार नाही.

रात्रीची भांडी हिने जरा जोरातच घासली.

११ डिसेंबर

डॉक्टर आज बघू म्हणाले नाहीत. म्हणाले, "जेवढं आलंय तेवढंच. लिहा, जेवा, गाडी चालवा. वाजवणं सोडा." मी विचारलं, सगळंच? ते म्हणाले, उजव्या हाताने टाळ वाजवा. विनोद केला त्यांनी. मी हसलो देखील, कारण फी आधीच दिली होती.

घरी येऊन सगळे ड्रम ओळीने मांडले आणि चावीने एकेकाचं कातडं सैल करायला घेतलं. विकून टाकायचे, संपलं. ही कामावरून आली, पर्स खांद्यावर तशीच, आणि दारात उभी राहिली.

"काय म्हणाले?"

"टाळ वाजव म्हणाले."

ती खाली बसली, माझ्या हातातली चावी घेतली आणि मी सैल केलेलं उलट घट्ट करायला लागली. मी बघत राहिलो. तिचा हात असा वळत होता, सहज, मनगटातून. मला इतका हेवा कुणाचा कधी वाटला नाही. लग्नाच्या बायकोचा हेवा!

मग माझ्या तोंडून निघालं, "त्या संथ गाण्यात तू घाई करतेस."

"कुठे?"

"कडवं संपताना. मास्तर तिथे थांबतात, श्वास घेतात. तू आधीच पोचतेस."

"मग?"

"मग काय? तिथे जाऊन तसं करू नकोस."

चावी थांबली. "तिथे म्हणजे कुठे?"

"आता सगळं उलगडून सांगू का?" मी ओरडलोच. "स्टुडिओत! जानेवारीत! दवाखान्यात सांग, रजा हवी म्हणून. आरसा धरायला कुणीही मिळेल त्यांना."

ही रडायला लागली. मी स्टूल जवळ ओढलं आणि फिरवून फिरवून खाली केलं, तिचे पाय टेकतील इतकं. ते वरच्या उंचीवर इतकी वर्षं होतं की फिरतच नव्हतं. पान्हा आणावा लागला.

२८ डिसेंबर

रोज सराव आणि रोज भांडण. मी शिकवतो म्हणजे ओरडतो, हे मला कळतं. पण कळून काय उपयोग! आज तिसऱ्या गाण्यात मी तिला इतक्या वेळा थांबवलं की तिने स्टिक भिरकावली. "मग तुम्हीच वाजवा!"

म्हणून गेली खरी. स्टिक घरंगळत माझ्या पायाशी आली होती. मी उचलून तिला दिली. डाव्या हाताने दिली, मुद्दाम नाही, तोच जवळ होता.

"चुकून बोलले," ती म्हणाली.

"खरं बोललीस. घे, पहिल्यापासून."

त्यानंतर तिने जे वाजवलं त्यात मी म्हणत होतो ते काहीच नव्हतं. माझ्यापेक्षा वेगळं होतं. टाळी जराशी मागे, जणू घाई कसलीच नाही. मी थांबवणार होतो. तोंड उघडलं होतं. मग मिटलं. हे माझं नव्हतं, आणि चुकीचंही नव्हतं. मला हे फार जड गेलं.

२० जानेवारी

रेकॉर्डिंग झालं. पहिला दिवस, दोन गाणी.

सकाळपासून नुसती धावपळ. गाडी वेळेवर नाही, स्टँडचा एक पाय घरीच राहिला, परत जाऊन आणला. स्टुडिओचा दरवाजा इतका अरुंद की मोठा ड्रम आडवा करून घ्यावा लागला. ही पांढरीफटक पडली होती. मला म्हणाली, "हात थंड पडलेत." मी तिची बोटं चोळत बसलो. मास्तर कीबोर्ड लावता लावता बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते.

मग ते सगळे आत गेले आणि काचेच्या अलीकडे, रेकॉर्डिस्टच्या शेजारी, मी एकटाच राहिलो. इतक्या वर्षांत ह्या बाजूला कधी बसलो नव्हतो. आत माझी जागा दिसत होती आणि तिच्यावर मी नव्हतो.  वाटलं, उठावं आणि घरी जावं. कुणाला कळलंही नसतं.

मास्तरांनी मान हलवली. संथ गाणं सुरू झालं.

पहिल्या कडव्याला ती जरा आखडलेली होती. मला कळलं, बाकी कुणाला कळलं नसेल. दुसऱ्या कडव्याला ती बारीक कुजबुज आली, टाळीच्या आधी आणि नंतर. कडवं संपलं. मास्तर थांबले, श्वास घेतला. ती थांबली त्यांच्याबरोबर. तेवढ्या जागेत सगळी खोली थांबली. आणि मग टाळी पडली.

रेकॉर्डिस्ट खुर्चीत सरळ झाला. "बाप रे," म्हणाला. "काय आवाज आहे ह्या स्नेअरचा! कसला आहे हो? पितळ? की मेपल?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला माहीत नाही. सकाळी ड्रम तिनेच उचलून काळ्या पिशवीत भरला होता. मी स्टँडचा पाय शोधत होतो. इथे आल्यावर तिनेच तो बसवला. मी बघितलंच नाही. काचेतून आता दिसत होता तो तिच्या हाताचा वरचा भाग, कपाळावरचा घाम, आणि कीबोर्डच्या आडोशाला लपलेलं ड्रमचं कडं.

"सांगा ना, कशाचा आहे?" त्याने पुन्हा विचारलं.

"गप्प बस रे," मी म्हटलं. "ऐकू दे."